थेरपीला जाण्याआधी तयारी कशाची करायची

तुमचा प्रश्न मला असा समजला: तीन-चार महिन्यांपासून झोप उडाली आहे, कामात मन लागत नाही, जवळच्या माणसांवर उगाच ओरडलं जातं. पुढच्या आठवड्यात थेरपिस्टची पहिली वेळ मिळाली आहे. तिथे नेमकं काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची हे कळत नाही. त्यात भर म्हणून 'लोकांचे केवढाले प्रॉब्लेम असतात, आपण एवढ्याशासाठी जावं का' ही रुखरुख.

मी बरीच वर्षं हेच काम करते. पहिल्यांदा येणारी बहुतेक माणसं अशीच बिचकत बसतात. जणू थेरपी ही तोंडी परीक्षा आहे आणि आपली कहाणी क्रमवार, पटेल अशी मांडता आली नाही तर आपण नापास. तसं काही नसतं. विस्कळीत बोलण्यातून धागा शोधून काढणं हे आमचं काम, तुमचं नाही. तुमची तयारी हवी ती दुसऱ्याच गोष्टीची: तिथे बसून प्रश्न विचारायची, आणि काही पटलं नाही, बोचलं, निरुपयोगी वाटलं तर ते तिथल्या तिथे बोलून दाखवायची. नेमकं हेच होत नाही. २०१२ साली स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग या संशोधकांनी ६६९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दर पाचांतला जवळजवळ एक जण थेरपी अर्ध्यावर सोडतो असं दिसलं. कारणं नाना प्रकारची असतात, पण मी पाहिलंय त्यात कितीतरी जण 'पुढच्या आठवड्यात फोन करतो' एवढंच म्हणून जातात आणि तो फोन येत नाही. काय खटकलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

आधी रुखरुखीबद्दल. त्रास 'पुरेसा मोठा' आहे का हे आम्ही दुसऱ्याच्या त्रासाशी तुलना करून ठरवत नाही. झोप, भूक, काम आणि नाती या चारांत किती काळ आणि किती अडथळा आलाय ते पाहतो. तुमच्या बाबतीत यातल्या तीन गोष्टी काही महिने बिघडलेल्या आहेत. यायला एवढं कारण भरपूर झालं. उलट लवकर आलेल्या माणसाबरोबर काम करणं सोपं जातं, कारण टाळाटाळीच्या सवयी अजून हाडीमांशी खिळलेल्या नसतात.

पहिल्या भेटीत बहुधा तुम्हाला एखादी छोटी प्रश्नावली भरायला देतील. पीएचक्यू-९ ही सर्वांत जास्त वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली की नैराश्याची नीट चौकशी करावी लागते. बेरीज म्हणजे निदान नव्हे. तिचा खरा उपयोग पुढे होतो, दोन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून फरक बघायला. म्हणून चांगलं दिसावं म्हणून कमी करू नका आणि लक्ष दिलं जावं म्हणून वाढवूही नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे अनेकांचा हात थबकतो, कारण 'हो' म्हटलं तर लगेच ॲडमिट करतील अशी भीती असते. बहुतेक वेळा तसं होत नाही. असे विचार येणं आणि तसं करायचं ठरवणं यांत मोठं अंतर आहे, आणि आम्ही पुढचे प्रश्न विचारतो ते हे अंतर समजून घ्यायला. मात्र आत्ता या घडीला असे विचार जोर धरत असतील, कसं करायचं हेही डोक्यात तयार असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि आजच हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

दुसरी गोष्ट शरीराची. थायरॉइडचं काम मंदावलं असेल, रक्तक्षय असेल, बी-१२ कमी असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर थकवा, उदासी, चिडचिड हे सगळं जसंच्या तसं दिसू शकतं. स्टेरॉइडसारखी काही औषधंही मनःस्थिती ढवळून काढतात. बऱ्याच दिवसांत तपासणी केलेली नसेल तर फॅमिली डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहून थेरपिस्टकडे न्या. दारू, सिगारेट, गांजा, दिवसातली कॉफी हेही न लपवता सांगा. आम्हाला त्यात नैतिकतेचा प्रश्न दिसत नाही, फक्त हिशेब जुळवायचा असतो.

आता झोप, कारण तुम्ही तिचा उल्लेख सर्वांत आधी केलाय. तुम्हाला खरोखर घरचा अभ्यास करून जायचा असेल तर हा करा: अपॉइंटमेंटपर्यंत रोज सकाळी झोपेची नोंद ठेवा. अंथरुणावर किती वाजता पडलात, अंदाजे किती वाजता डोळा लागला, मध्ये किती वेळा जाग आली, शेवटी किती वाजता उठलात, दुपारी डुलकी घेतली का. घड्याळाकडे बघत रात्र काढू नका, अंदाज पुरतो. अशा नोंदीत हमखास दिसतं ते असं: माणूस साडेनऊला आडवा होतो, डोळा लागतो एकच्या सुमारास, उठतो सातला. म्हणजे अंथरुणात साडेनऊ तास आणि झोप जेमतेम साडेपाच-सहा. उरलेला वेळ छताकडे बघत, उद्याची चिंता करत. हळूहळू अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा अशी शरीराची समजूत होते. निद्रानाशासाठीच्या सीबीटीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीत, यावर उलटा इलाज करतात. अंथरुणातला वेळ कमी करायचा, झोप येईल तेव्हाच पडायचं, बराच वेळ डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, आणि सकाळी उठायची वेळ मात्र काही झालं तरी बदलायची नाही. सुरुवातीचे दिवस त्रासाचे जातात, लोक वैतागतात. पण २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच थेरपी द्यावी अशी शिफारस केली. ती मार्गदर्शनाखाली करा. बायपोलर आजार किंवा फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांना झोप कमी करणं घातक ठरू शकतं.

कोणाकडे जाताय हेही तपासून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट. ते एमबीबीएससारखं वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं मूल्यमापन आणि थेरपीचं विशेष प्रशिक्षण झालेलं असतं. समुपदेशक किंवा 'थेरपिस्ट' या नावाखाली मात्र कोण बसलंय हे देशोदेशी बदलतं. काही ठिकाणी ही नावं कायद्याने जपलेली आहेत, काही ठिकाणी चार दिवसांचा कोर्स करून कोणीही पाटी लावतं. म्हणून सरळ विचारा: तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे, माझ्यासारखा त्रास असलेल्या माणसांबरोबर काम केलंय का, कोणत्या पद्धतीने करता, अडलं तर कुणा वरिष्ठाशी चर्चा करता का. चांगला थेरपिस्ट याची उत्तरं दोन मिनिटांत देतो आणि त्याला राग येत नाही. राग आला तर तेही एक उत्तरच समजा.

गोळ्या घ्याव्यात का, हे तुमच्या एवढ्या मजकुरावरून मी सांगू शकत नाही, आणि कोणीही सांगू नये. सौम्य ते मध्यम नैराश्य किंवा चिंता असेल तर नुसत्या थेरपीने अनेकांचं भागतं. तीव्र नैराश्यात दोन्ही मिळून जास्त फायदा होतो. बायपोलर किंवा भास-भ्रमाच्या आजारात औषधं पाया असतात आणि थेरपी त्यांच्या जोडीला येते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या एकदम बंद करायच्या नसतात. बाकी तपशील डॉक्टरांशी बोला.

पद्धतींची नावं इतकी आहेत की गांगरायला होतं. तुम्हाला सगळी माहीत असायची गरज नाही. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली आणि पुढे सीबीटी या नावाच्या प्रवाहाचा पाया ठरलेली पद्धत तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून तिथे काय चालतं ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका गृहस्थांनी वरिष्ठांना अहवाल पाठवला आणि दोन तास उत्तर आलं नाही. कागदावर आम्ही रकाने आखले. प्रसंग: उत्तर नाही. मनात आलेलं वाक्य: 'अहवाल भिकार झालाय, आता माझी जागा जाणार.' चिंता: शंभरपैकी ८०. हे खरं असल्याचा पुरावा: उत्तर आलं नाही. बराच वेळ विचार करूनही या रकान्यात दुसरी ओळ पडली नाही. विरुद्ध पुरावा: वरिष्ठ त्या दुपारी मीटिंगमध्ये होते, मागच्या अहवालाला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं, आणि तो आवडला होता. मग नवं वाक्य: 'उत्तर का नाही ते मला माहीत नाही, उद्या दुपारपर्यंत थांबून विचारेन.' चिंता पुन्हा मोजली: ४५. शून्य नव्हे. 'सकारात्मक विचार करा' या सल्ल्यात आणि यात हाच फरक. इथे मनाला गोड काही सांगायचं नसतं, पुरावा तपासायचा असतो. मनाला मात्र याची सवय नसते. जीभ जशी दुखऱ्या दाताकडेच वळते तसं ते पुन्हा जुन्या वाक्याकडे जातं. म्हणून हे कागदावर, रोज, दोन सेशनच्या मधल्या दिवसांत करायचं असतं. 'गृहपाठ' ऐकून कपाळावर आठ्या येतात, पण आठवड्यात तुम्ही माझ्यासमोर जेमतेम पाऊण तास असता. उरलेला आठवडा तुमचा.

पद्धत महत्त्वाची की माणूस, हा वाद आमच्यात जुना आहे. सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं की निरनिराळ्या थेरपींना सारखंच यश येतं, कारण त्यांच्यात काही समान घटक असतात. आजही त्यावर हिरिरीने भांडणं होतात. माझं मत विचाराल तर ते त्रासावर अवलंबून आहे. ओसीडी (म्हणजे मंत्रचळ: नको ते विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृती), पॅनिक अटॅक, विशिष्ट भीती, आघातानंतरचा त्रास, यांत पद्धत फार महत्त्वाची. ओसीडीवाल्याने तर एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन (भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची टाळायची, ही पद्धत) येतं का हे विचारूनच दार ओलांडावं. मंत्रचळ असलेल्या माणसाला दर आठवड्याला 'काही होणार नाही हो' असं समजावत राहिलं तर तो दिलासाच त्याचा नवा मंत्रचळ होतो. स्वतःला इजा करून घेण्याची ओढ वारंवार येत असेल तर मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डीबीटीची, म्हणजे तीव्र भावना हाताळायची कौशल्यं शिकवणाऱ्या थेरपीची, चौकशी करावी. याउलट जवळचं कुणी गेल्याचं दुःख, नात्यातली कोंडी, आयुष्याला दिशा नसल्याची भावना यांत समोरच्या माणसाशी कसं जुळतं यावर जास्त अवलंबून असतं.

हे जुळणं कसं ओळखायचं? 'बोलून बरं वाटलं' एवढ्यावर जाऊ नका, बरं तर मित्राशी बोलूनही वाटतं. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली याचे तीन भाग सांगितले आणि मला ते आजही सर्वांत उपयोगी वाटतात: आपण कुठे पोहोचायचंय यावर दोघांचं एकमत आहे का, त्यासाठी जे करतोय ते दोघांना पटतंय का, आणि एकमेकांबद्दल विश्वास आहे का. तिसरं बहुतेकांच्या लक्षात येतं, पहिली दोन निसटतात. तुम्हाला झोप आणि कामातलं लक्ष परत हवंय, आणि थेरपिस्ट चौथ्या आठवड्यातही फक्त तुमच्या बालपणाबद्दल विचारतोय, तर ते कदाचित बरोबरही असेल. पण त्याचा तुमच्या झोपेशी काय संबंध हे त्याला सांगता आलं पाहिजे. विचारा.

हे विचारणं जड जातं, मला कल्पना आहे. शब्द सापडत नसतील तर हे घ्या: 'आपण हे का करतोय ते मला कळलं नाही.' 'मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते घरी गेल्यावर लागलं मला.' 'मला वाटतं आपण तिथेच फिरतोय.' माझ्याकडे येणाऱ्या एक बाई बऱ्याच दिवसांनी एकदा म्हणाल्या, 'तुम्ही सगळं शांतपणे ऐकता, पण तुम्हाला माझा कंटाळा येतो का हे मला कधीच कळत नाही.' म्हणताना आवाज कापत होता. त्या घरातही कुणाला असं विचारू शकत नव्हत्या, त्यांचा सगळा त्रास त्या न विचारण्यातच होता. तो पाऊण तास आम्ही त्या एका वाक्यावर घालवला, आणि मग तेच वाक्य घरी कुणाला, कसं विचारायचं यावर कामाला लागलो.

पहिल्या दिवशी सुरुवात कुठून करायची? सर्वांत अलीकडच्या एका प्रसंगापासून. 'मला टेन्शन येतं' यापेक्षा 'परवा रात्री मुलाने पाणी सांडलं आणि मी एवढी ओरडले की तो थिजला' यातून आम्हाला कितीतरी जास्त कळतं. लिहून नेलंत, मोबाइलमधून वाचून दाखवलंत तरी चालतं. रडू आलं तर येऊ द्या. सगळं पहिल्याच दिवशी ओतायची गरज नाही. मात्र एक गोष्ट या खोल्यांत वारंवार घडते: माणूस पूर्ण वेळ ऑफिसबद्दल बोलतो आणि उठताना, दारावर हात ठेवून, खरी गोष्ट बोलून टाकतो. तेव्हा हातात दोन मिनिटं उरलेली असतात. असं काही तुमच्या मनात असेल तर आधीच एवढंच म्हणा, 'एक गोष्ट आहे, आज सांगायची तयारी नाही.' ते पुरेसं आहे. आम्ही थांबतो.

गोपनीयतेबद्दल थेरपिस्टने स्वतःहून पहिल्याच भेटीत बोलायला हवं. नाही बोलला तर विचारा. ती जवळजवळ पूर्ण असते, अगदी पूर्ण नसते. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका, लहान मुलाचा छळ, न्यायालयाचा आदेश, अशा ठिकाणी ती मोडावी लागू शकते. नेमक्या मर्यादा त्या त्या ठिकाणच्या कायद्यानुसार बदलतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तारासॉफ खटल्यात निकाल दिला की रुग्णाकडून कुणाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी पावलं उचलणं थेरपिस्टचं कर्तव्य आहे, आणि तेव्हापासून या मर्यादांची चर्चा जगभर चालू आहे. लोकांना खरी काळजी मात्र याहून साध्या गोष्टीची असते: नवऱ्याने किंवा आईने फोन करून 'काय म्हणाली ती?' विचारलं तर? प्रौढ माणसाच्या बाबतीत माझं उत्तर 'त्यांनाच विचारा' एवढंच असतं, इथे कुणी येतं की नाही हेही मी सांगत नाही. तुमच्या थेरपिस्टचं उत्तर काय आहे ते ऐकून घ्या. नोंदी कुठे ठेवतात, कोण बघतं, हेही. ऑनलाइन सेशन असेल तर दार बंद होणारी खोली आणि हेडफोन लागतील, आणि तुम्ही त्या वेळी नेमके कुठे आहात व अडचणीत कुणाला फोन करायचा हे थेरपिस्टला सांगून ठेवा. त्याने ते विचारलंच नाही तर मला तो निष्काळजीपणा वाटेल.

फी, वेळ रद्द करण्याचा नियम, मधल्या दिवसांत मेसेज केला तर चालतो का, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. नंतर त्यावरून मनं दुखावतात.

किती दिवस लागतील? हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जुन्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले. आठ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांत मोजता येईल अशी सुधारणा दिसली आणि २६ पर्यंत सुमारे तीन चतुर्थांश लोकांत. हे सरासरीचे आकडे. एखादी भीती चार-सहा सेशनमध्ये आटोपते, वर्षानुवर्षांच्या जखमांना वर्षंही लागतात. मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकते की सहाव्या सेशनला आपण बसून हिशेब करू: काय बदललं, काय नाही, पुढे काय. तुमच्या थेरपिस्टने असं सुचवलं नाही तर तुम्ही सुचवा.

सेशननंतर थकवा येतो, कधी त्या दिवशी मन जास्तच हलतं. शक्य असेल तर लगेच महत्त्वाचं काम ठेवू नका. पण आठवड्यामागून आठवडे तब्येत ढासळतच असेल आणि 'हा प्रक्रियेचा भाग आहे' एवढंच उत्तर मिळत असेल तर ते मानू नका. अभ्यास सांगतात की साधारण ५ ते १० टक्के प्रौढ लोक थेरपीनंतर आधीपेक्षा वाईट अवस्थेत असतात. आमच्या व्यवसायात हे मोठ्याने बोललं जात नाही.

काही गोष्टींत मात्र चर्चा करत बसायचं नाही, तिथून निघायचं. थेरपिस्ट शारीरिक किंवा प्रेमाची जवळीक साधत असेल, तुमच्याशी पैशाचे इतर व्यवहार करत असेल, खात्रीने बरं करण्याची हमी देत असेल, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगत असेल, किंवा तुमच्या वेळात स्वतःची दुखणी उगाळत असेल तर. लैंगिक संबंधांबाबत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता तर थेरपी संपल्यावरही किमान दोन वर्षं बंदी घालते. असं काही घडलं तर दोष तुमच्याकडे येत नाही, आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे तक्रार करता येते.

असा कुठलाही गैरप्रकार नाही, माणूस चांगला आहे, पण जमत नाहीये, असंही होतं. दोन-तीन भेटी द्या, न जमण्याचं एकदा बोलून बघा, आणि तरीही तसंच राहिलं तर थेरपिस्ट बदला. 'मला वाटतं मला दुसऱ्या कुणाबरोबर काम करायला हवं, तुम्ही कुणाचं नाव सुचवाल का?' असं विचारलंत तर बहुतेक जण मदतच करतात. जाताना कामाचा थोडक्यात अहवाल लेखी मागून घ्या: काय त्रास होता, काय केलं, कशाचा उपयोग झाला. नव्या ठिकाणी मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.